आवाजाची गाळणी

मैत्रिणींनो, चहा गाळल्याशिवाय आपण कुणापुढे ठेवत नाही. पीठ चाळल्याशिवाय परातीत घेत नाही. घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी भरायची रीत तर आपल्या आज्या-पणज्यांपासूनची. गाळायचं, चाळायचं, निवडायचं हे आपल्या हातांना कुणी शिकवावं लागत नाही. मग आवाज तेवढा न गाळता कसा चालेल?

हसू नका! आवाजालाही गाळणी लागते आणि ती घरच्या घरी, जुन्या मोज्यापासून करता येते. बाजारात तिचं नाव आहे ‘पॉप फिल्टर’. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची दृश्यं तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. गायिका माइकपुढे उभी असते आणि तिच्या तोंडाच्या नि माइकच्या मधोमध एक काळी, जाळीदार, गोल चकती असते. बऱ्याच जणींना वाटतं, ती शोभेची असावी. काहींना वाटतं, माइकवर थुंकी उडू नये म्हणून असेल. थुंकी अडते हे खरं, पण तो वरचा फायदा. तिचं मुख्य काम निराळंच आहे आणि ते समजून घेतलं तर आपल्यासारख्या घरबसल्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बायकांचा मोठा त्रास वाचतो.

‘आपण कुठे ध्वनिमुद्रण करतो?’ असं म्हणाल. जरा आठवून पाहा बरं! लेक पुण्याला नांदते, तिच्या बाळासाठी इथून पाळणा म्हणून कोण पाठवतं? भजनी मंडळाचा नवा अभंग बाकीच्या बायकांना पाठ करायला कोण देतं? मुलाच्या श्लोक-पाठांतराची चाचणी फोनवर कोण घेतं? शिकवणीच्या मुलांना कविता म्हणून पाठवतात त्या बाई कोण? आपणच की! खिशात मावणाऱ्या फोनने प्रत्येक घराचा स्टुडिओ केला आहे. फक्त स्टुडिओतली ती साधी गाळणी तेवढी घरात आली नाही.

तळहाताची परीक्षा

आधी एक गंमत करून पाहा. वाचता वाचता केलीत तरी चालेल. उजवा तळहात तोंडासमोर चार बोटांच्या अंतरावर धरा आणि म्हणा, ‘आ’. हाताला विशेष काही लागत नाही. आता ‘म’ म्हणा. ओठ मिटले, उघडले, तरी वारा नाही, कारण ‘म’ची हवा नाकावाटे जाते. आता ‘प’ म्हणा. हलकी फुंकर लागली? आता मनापासून, गाण्यात म्हणतो तसा ‘फ’ म्हणा आणि त्यापाठोपाठ ‘भ’. तळहातावर वाऱ्याचा चांगला झोत आला असेल.

शाळेत आपण घोकलेलं इथे कामी येतं. प, फ, ब, भ, म हा ओठांचा वर्ग, ओष्ठ्य. ओठ घट्ट मिटून हवा आत कोंडायची आणि एकदम सोडायची, असा त्यांचा उच्चार. त्यातले फ आणि भ महाप्राण. ‘प्राण’ म्हणजे श्वास आणि ज्यात तो जास्त ते महाप्राण. आपल्या जुन्या वैयाकरणांनी माइक पाहिला नव्हता, पण नाव मात्र असं नेमकं ठेवलं की आजच्या ध्वनिमुद्रकाने हात जोडावेत.

इंग्रजीत महाप्राण अक्षरं वेगळी लिहीत नाहीत. आपल्याकडे ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ अशी दहाच्या दहा वेगळी मांडली आहेत आणि बोलण्यातही पावलोपावली येतात. आता अभंगातले शब्द आठवा: पंढरी, पांडुरंग, पुंडलिक, भीमा, भक्त, भाव, भजन. पाळण्यातले आठवा: पाळणा, फूल, बाळ, परी. एकूण काय, आपलं निम्मं गाणं ओठांवरच उभं आहे. म्हणून मराठी गाणारीला या गाळणीची गरज अधिकच.

आणखी एक बारकावा सांगते. शहरात वाढलेल्या मुली ‘फूल’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवतात, इंग्रजीतल्यासारखा ‘फ’ करतात. खेड्यातल्या जुन्या बाईचा ‘फ’ दोन्ही ओठांचा असतो, जुन्या वळणाचा. तो कानाला गोड, पण माइकवर त्याचा फटका मोठा. म्हणजे ज्यांचे आवाज जपून ठेवायला हवेत, नेमक्या त्यांच्याच बाबतीत ही काळजी अधिक घ्यायची.

वारा निराळा, आवाज निराळा

तुम्ही विचाराल, समोर बसून ऐकताना तर हा फटका कधी जाणवत नाही, मग माइकलाच काय होतं?

उभ्या ज्वारीचं शेत डोळ्यांपुढे आणा. वाऱ्याची झुळूक आली की शेतावरून लाट धावत जाते. लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत पोचते, पण धाटं काही जागची हलत नाहीत. आवाज असाच असतो. हवेतून लाट पुढे जाते, हवा मात्र जागच्या जागी थरथरते. फुंकर तशी नव्हे. फुंकरीत हवा स्वतःच उठून पुढे चालू लागते. आवाज दूरवर जातो, फुंकर हातभर अंतरात विरून जाते. आपण कुणाच्या ओठाला कान लावून गाणं ऐकत नाही, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचतच नाही. माइक मात्र आपण नेमका तिथे नेऊन ठेवतो, जिथे कुणी कान ठेवणार नाही.

माइकच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो. आवाजाच्या लाटेने तो इतका बारीक थरथरतो की डोळ्यांना दिसणार नाही. त्या थरथरीचीच वीज होते आणि तीच साठवली जाते. अशा नाजूक पडद्यावर ‘भ’चा झोत आदळला की तो पार आत ढकलला जातो. मग ऐकू येतो तो ‘धप्प’. बंद दारावर कुणी उशी मारावी तसा. ध्वनिमुद्रणवाले यालाच ‘पॉप’ म्हणतात आणि त्यावरून त्या चकतीचं नाव पडलं.

हा धप्पा खर्जातला असतो, बहुतेक सेकंदाला शंभर-दीडशे कंपनांच्या खालचा. बाईचा बोलण्याचा आवाज साधारण दोनशेच्या आसपास आणि गाताना त्याहूनही वर. म्हणजे धप्पा आणि आवाज यांची घरं वेगळी आहेत. म्हणूनच त्यांना वेगळं करणं जमतं.

गाळणी हे काम कसं करते? बारीक विणीच्या ताणलेल्या कापडावर फुंकर आदळली की तिचे हजार तुकडे होतात. प्रत्येक छिद्रातून एक इवलीशी झुळूक निघते आणि त्या झुळुका एकमेकींत गुंतून बोटभर अंतरात निमतात. आवाजाची लाट मात्र त्याच कापडातून सहज पार होते. खात्री करायची तर वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी एका हाताने तोंडासमोर लोंबती धरा आणि ‘फ’ म्हणा. पट्टी उडेल. मग मध्ये ताणलेलं शिफॉन धरा आणि पुन्हा तसाच ‘फ’ म्हणा. ऐकणारीला आवाज तोच वाटेल, पट्टी मात्र जवळजवळ स्थिर राहील. वर्गात करून दाखवण्याजोगा प्रयोग आहे. मुलं खूश होतात.

मोठ्या गायिका काय करत?

हे दुखणं माइकच्या जन्मापासूनचं आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं पहिल्यांदा तबकडीवर उतरलं तेव्हा माइक नव्हताच. एका मोठ्या भोंग्यात तोंड करून गायचं, तेही जोर लावून. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि गाणाऱ्यांना हळुवार गाता येऊ लागलं. पण जो माइक कुजबुज टिपतो तो श्वासही टिपतोच!

तेव्हा गायक-गायिका काय करत? अंतर सांभाळत आणि तोंड किंचित वळवत. लताबाई मंगेशकरांनी आपल्या मुलाखतींतून सांगितलं आहे, की माइकपुढे श्वास कसा नि कुठे घ्यायचा हे त्यांना संगीतकार अनिल विश्वास यांनी शिकवलं. ऐकणाऱ्याला श्वास कळू नये, अशी ती युक्ती. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या त्यांच्या गाजलेल्या गाण्याचा किस्साही त्या सांगत. खोलीच्या मधोमध माइक आणि लांबून आवाज येत असल्याचा भास हवा, म्हणून त्या कोपऱ्यातून गात गात माइकपर्यंत चालत आल्या. यंत्राने केलं नाही ते पावलांनी केलं. माइकपासून किती लांब उभं राहायचं हासुद्धा गाण्याचाच भाग आहे, हे यातून आपण घ्यायचं. गाळणी तयार करू तेव्हाही हे विसरायचं नाही.

घरच्या घरी गाळणी

तयार पॉप फिल्टर आता काही शे रुपयांत मिळतो. पण ज्या घरात भरतकामाची रिंग आहे तिथे तो विकत आणायची गरज नाही.

साहित्य: भरतकामाची सहा इंची रिंग, पातळ नायलॉनचा एक लांब मोजा (साडीखाली घालतो तो त्वचेच्या रंगाचाही चालेल, फक्त धुतलेला हवा!), एक लाकडी उलथनं, दोन रबर बँड किंवा सुतळी आणि काठोकाठ ज्वारी भरलेला एक तांब्या.

कृती: रिंगचा आतला गोल मोज्यात सरकवा. म्हणजे पुढे एक आणि मागे एक असे कापडाचे दोन पदर होतील. दोन्ही पदर सारखे ताणून बाहेरचा गोल बसवा, स्क्रू आवळा आणि उरलेला मोजा मागे बांधून टाका. मोजा एवढा रुंद नसेल तर तो उभा उसवून त्याचे दोन तुकडे घ्या किंवा जुन्या शिफॉनच्या ओढणीचा दुहेरी तुकडा लावा. रिंग उलथन्याच्या टोकाला रबर बँडने घट्ट बांधा आणि उलथन्याचा दांडा ज्वारीच्या तांब्यात खोचा. दाणे असे घट्ट धरतात की वेगळा स्टँड लागत नाही. उंची कमी-जास्त करायची तर दांडा थोडा वर घ्यायचा किंवा खाली दाबायचा. काम झालं की ज्वारी पुन्हा डब्यात!

कापडाची पारख अशी: ते उजेडासमोर धरलं तर पलीकडचं दिसलं पाहिजे. तोंडाशी धरून फुंकर मारली तर पलीकडे अगदी मंद वारा लागला पाहिजे. मुळीच लागला नाही तर कापड फार दाट आहे. ते आवाजही अडवील आणि स, श, च ही अक्षरं बोथट होतील. म्हणून सुती साडीची घडी, टॉवेल, रुमाल यांनी भागवू नका. उलट, मच्छरदाणीच्या मोठ्या छिद्रांतून फुंकर सरळ निघून जाते. अगदीच वापरायची झाली तर तिचे तीन-चार पदर घ्या.

एक वीत आणि मध्ये कापड

आता सगळ्यात महत्त्वाचं: गाळणी कुठे ठेवायची? माप अगदी सोपं आहे. तोंडापासून माइकपर्यंत एक वीत आणि त्या वितीच्या मधोमध गाळणी. म्हणजे ओठ ते कापड चार बोटं आणि कापड ते माइक चार बोटं, किंवा थोडं अधिक.

कापड माइकला चिकटवून ठेवू नका. फुटलेल्या झुळुका विरायला जागा हवी. ती नसेल तर कापड असून नसून सारखंच. फोनवर रुमाल गुंडाळून गाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यात धप्पा पुरता जात नाही आणि आवाजाची लकाकी मात्र जाते.

दुसरी गोष्ट, माइक ओठांच्या अगदी समोर नको. तो नाकाच्या उंचीवर घ्या किंवा थोडा एका बाजूला सरकवा आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवा. फुंकर सरळ रेषेत जाते, आवाज मात्र चहूकडे पसरतो. त्यामुळे बाजूला असलेल्या माइकला आवाज मिळतो आणि फुंकर चुकून जाते. गाळणी नसेल त्या दिवशी नुसती ही युक्तीही पुष्कळ काम करते.

फोनवर ध्वनिमुद्रण करीत असाल तर आधी त्याचा माइक शोधा. बहुतेक फोनमध्ये चार्जर लावायच्या खाचेजवळ एक बारीक छिद्र असतं, तोच माइक. फोन हातात धरला की नेमकं तिथेच बोट येतं. म्हणून फोन पुस्तकांच्या चळतीवर, खाली घडी केलेला टॉवेल घालून ठेवा. टॉवेलामुळे टेबलाचा ठोका फोनपर्यंत पोचत नाही.

पण दहा-बारा जणींचं भजनी मंडळ टाळ-मृदंगासह गात असेल आणि फोन दोन-चार हात लांब ठेवलेला असेल तर गाळणी लागतच नाही. तेवढ्या अंतरात फुंकर आपोआप निमते. गाळणी जवळून गाणाऱ्या-बोलणाऱ्या एकट्या आवाजासाठी. आणि ओसरीत किंवा शेतात वाहत्या वाऱ्यात बसलात तर ही चकती अपुरी पडते. तिथे माइकवर स्पंजची टोपी हवी. बाहेर जाणाऱ्या वार्ताहरांच्या माइकवर ती तुम्ही पाहिली असेल. त्यापेक्षा खोलीत येऊन बसणं केव्हाही चांगलं.

गाळणी काय करीत नाही

प्रत्येक औषध प्रत्येक दुखण्याला चालत नाही. ‘स’ आणि ‘श’ची शिट्टी गाळणीने जात नाही. तो वाऱ्याचा दोष नसून आवाजाचाच बारीक भाग असतो. त्यासाठी माइक आणखी थोडा बाजूला वळवावा.

खोली घुमत असेल तरी गाळणीचा उपयोग नाही. रिकाम्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. त्यावर आपल्याकडे नामी उपाय आहे, तो म्हणजे वाकळ. गाणारीच्या मागे दोरीवर एक वाकळ टाका, खाली सतरंजी अंथरा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. घडी घातलेल्या साड्या घुमारा छान पिऊन टाकतात. पंखा बंद, फ्रिज थोडा वेळ बंद आणि कुकर तर मुळीच लावलेला नको. पाण्याच्या मोटारीची आणि भाजीवाल्याच्या हाकेची वेळ टाळून दुपारचे दोन-तीन निवडावेत.

आणि स्वच्छता! गाळणीवर तोंडाची वाफ आणि थुंकीचे कण बसतात. वेगवेगळ्या बायका एकामागून एक गाणार असतील तर कापड बदला. मोजा साबणाच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवा.

कशासाठी एवढा खटाटोप?

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. त्यांच्या सासूबाई अंबडकडच्या एका खेड्यातल्या. वय ऐंशीच्या पुढे, ओव्या मात्र अजून तोंडपाठ. दिवाळीत सासूबाई जालन्याला आल्या तेव्हा सगळ्यांनी आग्रह धरला आणि बाईंनी फोन काढला. आवाज बारीक झालेला, म्हणून नातवाने फोन आजीच्या ओठांशी नेऊन धरला. तासभर आजी गात होत्या. सगळे भारावून ऐकत होते, त्यामुळे ध्वनिमुद्रण कसं झालं ते तेव्हा कुणी पाहिलं नाही. पुढे संक्रांतीच्या सुमारास आजींना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा अडखळू लागली. तेव्हा बाईंनी ती ओवी लावली.

ओवीत काय असतं? भाऊ असतो, भाचा असतो, बाप असतो, पंढरीची वाट असते, पाऊस असतो. म्हणजे ज्या शब्दावर ओवीचा सगळा जीव, तो बहुतेक वेळा ओठांच्याच अक्षराने सुरू होणारा. आणि प्रत्येक वेळी नेमक्या त्याच शब्दावर ‘धप्प’. ‘भाऊ’ ऐकू येत नव्हता, त्याच्या जागी दणका ऐकू येत होता. बाईंच्या भाच्याने संगणकावर खर्जाचा भाग कापून पाहिला. सेकंदाला ऐंशी-शंभर कंपनांच्या खालचं सगळं काढून टाकायची सोय ध्वनिमुद्रणाच्या साध्या आज्ञावलीत असते, ‘लो कट’ म्हणतात तिला. पुष्कळसा धप्पा त्याने गेला. पण जिथे झोत इतका जोरात बसला होता की माइकची मर्यादाच ओलांडली गेली, तिथे शब्दाचे काठ फाटले होते. तसं फाटलेलं शिवता येत नाही. आजींचे काही ‘भाऊ’ कायमचेच गेले.

म्हणून सांगते, हा खटाटोप हौसेखातर नाही. पीठ पुन्हा चाळता येतं, आजी पुन्हा गातीलच असं नसतं.

आपल्या या ओव्यांचं मोल जाणून काही माणसांनी आयुष्य वेचलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यातल्या पुष्कळ बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्या इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवल्या आहेत. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज तिथे ऐकायला मिळतो. एकदा अवश्य ऐका. लिहिलेली ओवी आणि गायलेली ओवी यांत काय फरक असतो ते कळेल. कागदावर शब्द उतरतात, पण शब्दावर कुठे थांबायचं, कुठे आवाज ओला होतो, ते कागदाला कळत नाही.

आपल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ चा त्यांचा जन्म. त्यांचे मनाचे श्लोक आज छापील मिळतात, मुलं शाळेत म्हणतात. ते राहतील. पण तुमच्या आत्याबाईंनी जात्यावर बसून स्वतः जुळवलेली ओवी कुठल्या पुस्तकात सापडणार आहे? ती त्यांच्या कंठातच आहे. गिरण्या आल्या, जाती अंगणात पडली. मनगटाचं काम सुटलं हे चांगलंच झालं. पण जात्याबरोबर गाणंही मागे पडत चाललं आहे आणि ते येणाऱ्या बायका दर वर्षी थोड्या कमी होत आहेत.

वडीलधाऱ्यांना बसवताना

थोड्या व्यवहाराच्या सूचना करते. पहिली: विचारल्याशिवाय ध्वनिमुद्रण करू नका आणि विचारल्याशिवाय ते कुणाला पाठवू नका. काही ओव्यांत सासरची दुःखं असतात. ती घरात ऐकायची असतात, गावभर नव्हेत.

दुसरी: गाळणी आणि फोन आधीच मांडून ठेवा. आपल्याच आवाजात ‘भाऊ, फूल, पंढरी’ म्हणून तपासून घ्या आणि कानाला हेडफोन लावून ऐका. फोनच्या बारीक कर्ण्यातून खर्ज ऐकू येत नाही, त्यामुळे धप्पा कळत नाही. पहिली ओवी झाली की एकदा थांबून तीही ऐका. थकलेल्या माणसाला सगळं संपल्यावर ‘पुन्हा एकदा म्हणा’ सांगायची वेळ येऊ देऊ नका.

तिसरी: ओवी ही कामाच्या लयीवर गायची चीज आहे. नुसतं बसवलं तर जुन्या बायकांना सुचत नाही. हातांना काहीतरी द्या, पण आवाज न करणारं. तांदूळ निवडायला दिले तर ताट वाजतं. वाती वळायला द्या. कापूस बोलत नाही.

चौथी: त्यांनी पुढे-मागे डुललं तरी हरकत नाही, अंतर थोडं वाढवा. विती ऐवजी दीड वीत ठेवा. आवाज बारीक आहे म्हणून फोन ओठांना लावायचा नाही. बारीक आवाज नंतर मोठा करता येतो, फाटलेला नीट करता येत नाही.

पाचवी: सुरुवातीला आपण नाव, माहेर, सासर आणि तारीख बोलून ठेवा. ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी साठवा. एक फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर किंवा संगणकात. कुणाला पाठवायचं झालं तर व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे आवाज आहे तसाच पोचतो.

एवढं सगळं मिळून खर्च किती? एक जुना मोजा, तांब्याभर ज्वारी आणि दुपारचे दोन तास. येत्या रविवारी जेवणं आटोपली की रिंग काढा, मोजा ताणा आणि घरातल्या सर्वांत जुन्या आवाजाला म्हणा, ‘आत्याबाई, एखादी ओवी म्हणता का?’ त्या आधी ‘आता काय आठवतंय मला’ म्हणतील. वातीचा कापूस तेवढा हातात द्या आणि गप्प बसा. आठवेल.